खंड दुभंगतात तेव्हा प्रावरणाचे आणि शिलारसाचे काय होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खंड दुभंगताना जमिनीखाली नेमके काय घडते?

खंडाखालचे शिलावरण साधारणपणे १०० ते २०० किलोमीटर जाड असते. त्यात वरचे ३०-४० किलोमीटर भूकवच असते आणि उरलेला भाग प्रावरणाचाच, म्हणजे कवचाखालच्या खडकाळ थराचाच, पण थंड आणि ताठ झालेला असतो. भूपट्टांच्या ओढीमुळे हे शिलावरण ताणले गेले की ते पातळ होते, पृष्ठभागावर खचदऱ्या तयार होतात आणि खालचे उष्ण प्रावरण रिकामी झालेली जागा भरण्यासाठी वर सरकते. १९७८ साली डॅन मॅकेंझी यांनी या ताणाचे आणि त्यामुळे होणाऱ्या खचण्याचे जे सोपे गणित मांडले, ते आजही तेलक्षेत्रांच्या अभ्यासात वापरले जाते. त्या गणितात कवच आणि प्रावरण एकाच प्रमाणात ताणले जातात असे गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तसे क्वचितच घडते. कवच एका ठिकाणी अधिक पातळ होते तर प्रावरण दुसऱ्या ठिकाणी, आणि या विषयातील बहुतेक गुंतागुंत तिथूनच सुरू होते.

प्रावरण तर घन खडकाचे असते. मग शिलारस येतो कुठून?

प्रावरणाचा खडक म्हणजे पेरिडोटाइट. त्यात मुख्यतः हिरवट ऑलिव्हीन, दोन प्रकारचे पायरोक्सीन (ऑर्थोपायरोक्सीन आणि क्लायनोपायरोक्सीन) आणि थोडे स्पिनेल, गार्नेट किंवा प्लॅजिओक्लेज असते. हा खडक वितळायला तापमान वाढावेच लागते असे नाही. त्याच्यावरचा दाब कमी झाला तरी पुरते, कारण दाब उतरला की वितळणबिंदूही खाली येतो. सर्वसाधारण तापमानाचे, म्हणजे पृष्ठभागाच्या हिशेबाने सुमारे १३०० ते १३५० अंश सेल्सिअसचे प्रावरण अडथळ्याविना वर आले, तर साधारण ६० किलोमीटर खोलीच्या आसपास त्यातून रस सुटू लागतो. सगळा खडक कधीच वितळत नाही. फार तर त्याचा दहावा ते पाचवा हिस्सा वितळतो, तो बेसाल्टी रस होऊन वर जातो आणि मागे उरतो तो पायरोक्सीन गमावलेला, ‘निःसत्त्व’ झालेला पेरिडोटाइट. मध्यसागरी पर्वतरांगांवर याच क्रियेने ६-७ किलोमीटर जाडीचे सागरी कवच तयार होते.

खंडाखाली मात्र वर येणाऱ्या प्रावरणाच्या डोक्यावर शिलावरणाचे जाड झाकण असते. ते पुरेसे पातळ झाल्याशिवाय दाब पुरेसा उतरत नाही. ताण अगदी संथ असेल तर वर येणारे प्रावरण वाटेतच उष्णता गमावते आणि वितळण्याचे प्रमाण आणखी घटते.

म्हणजे खंड दुभंगला की ज्वालामुखी जागे होणारच, असे नाही?

नाही. पाठ्यपुस्तकांतील चित्रांमुळे असा समज होतो, पण निसर्गात दोन टोके दिसतात आणि त्यांच्या दरम्यान सगळ्या छटा आढळतात.

एका टोकाला नॉर्वे आणि पूर्व ग्रीनलंडच्या खंडकडा, म्हणजे खंड संपून महासागर सुरू होतो ते पट्टे, आहेत. तिथे सुमारे ५.५ कोटी वर्षांपूर्वी अटलांटिकचा उत्तर भाग उघडताना लाव्हाचे प्रचंड थर साचले, आणि भूकंपीय छेदांत, म्हणजे लहरी पाठवून घेतलेल्या तळाखालच्या चित्रांत, ते समुद्राकडे कललेल्या परावर्तकांच्या (लहरी परतवणाऱ्या थरांच्या) पंख्यासारखे दिसतात. १९८५ साली ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅमच्या १०४व्या मोहिमेने नॉर्वेसमोरील व्होरिंग पठारावर वेध घेतला, म्हणजे समुद्रतळात खोल भोक पाडून नमुने काढले, तेव्हा हे परावर्तक लाव्हाचेच असल्याची खात्री झाली. कवचाच्या तळाशी घुसलेल्या गॅब्रोमुळे (खोलवरच गोठलेल्या बेसाल्टी रसाच्या खडकामुळे) तिथे भूकंपलहरींचा वेग सेकंदाला ७ किलोमीटरच्या वर जातो.

दुसऱ्या टोकाला पोर्तुगाल-स्पेनचा पश्चिम किनारा आणि त्याच्यासमोर, अटलांटिकच्या पलीकडे असलेला न्यूफाउंडलंडचा किनारा आहे. इथे खंड तुटला, महासागर तयार झाला, पण लाव्हा जवळपास दिसतच नाही. या कडांना ‘अल्प-शिलारसी’ म्हणतात. हे नाव मला अर्धवट वाटते. का, ते पुढे येईलच.

समुद्रतळावर प्रावरणाचा खडक उघडा पडला आहे, हे कसे कळले?

स्पेनच्या वायव्येला गॅलिशिया बँक नावाचा उंचवटा आहे. त्याच्या पश्चिम पायथ्याशी समुद्रतळ खरवडून आणलेल्या नमुन्यांत फ्रेंच भूवैज्ञानिक जिल्बेर बोयो यांच्या गटाला पेरिडोटाइट सापडला आणि १९८० मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. अशा ठिकाणी बेसाल्ट अपेक्षित असतो, त्यामुळे हा शोध अडचणीचाच होता. १९८५ मध्ये ओशन ड्रिलिंग प्रोग्रॅमच्या १०३व्या मोहिमेत ‘जॉयडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने तिथेच वेध घेतला आणि गाळाखाली खरोखर पेरिडोटाइट निघाला, पाण्याशी प्रक्रिया होऊन सर्पेंटाइन या खनिजात बदललेला. पुढे दक्षिणेकडच्या आयबेरिया सागरतळ मैदानावर १९९३ आणि १९९७ साली, तर पलीकडच्या न्यूफाउंडलंड बाजूला २००३ साली वेध घेतले गेले. त्यांतून असे दिसले की शेवटचे खंडीय कवच आणि पहिले खरे सागरी कवच यांच्यामध्ये एक रुंद पट्टा आहे आणि तिथे गाळाखाली थेट प्रावरणच आहे. हा पट्टा काही ठिकाणी शंभर किलोमीटरहूनही रुंद भरतो.

एवढ्या खोलचा खडक वर येतो तरी कसा?

विभंगांच्या, म्हणजे खडक सरकवणाऱ्या भेगांच्या, वाटेने. कवच ताणून ताणून सुमारे १० किलोमीटरपेक्षा पातळ झाले की एक निर्णायक बदल घडतो. एरवी खंडाच्या कवचाचा खालचा भाग उष्ण आणि लवचीक असतो, त्यामुळे वरून येणारी भेग तिथे विरते. पातळ झालेले कवच थंड होऊन वरपासून खालपर्यंत ठिसूळ बनते आणि विभंग थेट प्रावरणापर्यंत पोचतात. त्यांच्या मागोमाग समुद्राचे पाणी उतरते.

पाणी आणि ऑलिव्हीन सुमारे ४०० अंशांखाली एकत्र आले की सर्पेंटाइन तयार होते. सोबत मॅग्नेटाइटचे बारीक कण आणि हायड्रोजन वायूही निर्माण होतो. सर्पेंटाइनमध्ये वजनाने सुमारे १३ टक्के पाणी सामावलेले असते. खडकाची घनता ३.३ वरून २.६ च्या आसपास येते आणि तो फुगतो. याहून महत्त्वाचे म्हणजे तो निसरडा होतो. अशा निसरड्या पृष्ठावरून मोठा, मंद उताराचा डिटॅचमेंट विभंग सहज सरकतो. वरचे खंडीय तुकडे एका बाजूला वाहून जातात आणि खालचे प्रावरण हळूहळू समुद्रतळावर उघडे पडते. या तुकड्यांपैकी काही मागे प्रावरणावरच बसून राहतात, त्यामुळे सर्पेंटाइनच्या तळावर मधूनच ग्रॅनाइटी खडकाचे बेट लागते.

भूकंपीय मोजणीत या सगळ्यामुळे मोठा घोळ होतो. ताज्या पेरिडोटाइटमध्ये लहरींचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरच्या आसपास असतो. पूर्ण सर्पेंटाइन झालेल्या खडकात तो ५ किलोमीटरपर्यंत उतरतो, म्हणजे तो कवचासारखाच भासतो. नुसत्या वेगावरून ‘इथे कवच आहे’ असे सांगणारे जुने नकाशे म्हणूनच सावधपणे वाचावे लागतात.

अशा ठिकाणी शिलारस तयारच झाला नव्हता, की तयार होऊन वर पोचला नाही?

बराचसा तयार झाला, पण वर पोचला नाही, असे आज म्हणता येते. या पानावरचा सर्वांत कळीचा मुद्दा हाच आहे.

आयबेरियाच्या आणि आल्प्समधल्या नमुन्यांतील बऱ्याच पेरिडोटाइटमध्ये प्लॅजिओक्लेज हे खनिज सापडते. प्रावरणाच्या खडकात प्लॅजिओक्लेज फक्त उथळ खोलीवर, ढोबळमानाने ३० किलोमीटरपेक्षा वरच टिकते. त्याखाली स्पिनेलचा आणि त्याहून खाली, ७५-८० किलोमीटरच्या पलीकडे, गार्नेटचा टापू असतो. उथळ आल्यामुळे खडकाची स्वतःचीच खनिजे बदलून थोडे प्लॅजिओक्लेज तयार होऊ शकते. पण काही नमुन्यांत ते इतके जास्त आहे की बाहेरून रस आल्याशिवाय त्याचा हिशेब लागत नाही.

झाले ते असे. खालचे उष्ण प्रावरण वर सरकताना त्यातून थोडा थोडा रस सुटू लागला. वर अजूनही कित्येक किलोमीटर जाडीचे थंड शिलावरणी प्रावरण होते. त्याच्या कणाकणांमधून रस झिरपत चढला आणि थंडीत भातावर वाढलेले तूप खाली उतरण्याआधीच थिजावे, तसा वाटेतच गोठला. परिणामी जुना निःसत्त्व खडक पुन्हा ‘सकस’ झाला, कारण त्यात क्लायनोपायरोक्सीन आणि प्लॅजिओक्लेज यांची नव्याने भर पडली. या क्रियेला पुनःसमृद्धीकरण म्हणता येईल. गोठताना रसाने आपली उष्णताही तिथेच सोडली. त्यामुळे ते शिलावरण आतून तापले, मऊ झाले आणि पुढच्या ताणाला अधिक सहज बळी पडले. पुरेशी वाट तापल्यावर, आणि झाकण पातळ झाल्यावरच, पुढचा रस गॅब्रोच्या खिशांत साठू लागला आणि शेवटी बेसाल्ट होऊन समुद्रतळावर आला.

म्हणूनच ‘अल्प-शिलारसी’ हे नाव पृष्ठभागापुरते खरे आहे. ज्वालामुखी किती झाले यावरून खाली किती वितळले हे ठरवणे म्हणजे दुकानाच्या काउंटरवरचा माल पाहून गोदामाचा अंदाज बांधणे नव्हे का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात, आणि तो रास्त आहे.

रस झिरपल्याच्या खुणा खडकात कशा ओळखतात?

सूक्ष्मदर्शकाखाली खडकाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ छेद ठेवून. चांगल्या छेदात तपकिरी स्पिनेलच्या कणाभोवती प्लॅजिओक्लेजची झालर दिसते; बहुतेक वेळा ते प्लॅजिओक्लेज कुजून मळकट, धुरकट झालेले असते. ऑर्थोपायरोक्सीनच्या मोठ्या स्फटिकांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात आणि त्या खोबणींत नवे ऑलिव्हीन भरलेले असते, कारण झिरपणाऱ्या रसाने पायरोक्सीन विरघळवून त्याच्या जागी ऑलिव्हीन सोडलेले असते. या सगळ्यावर नंतरच्या सर्पेंटाइनची जाळी पसरलेली असते आणि तिच्या शिरांमध्ये मॅग्नेटाइटच्या काळ्या ठिपक्यांच्या रांगा असतात. समुद्रतळावरून आलेल्या नमुन्यांत मूळचे ऑलिव्हीन पुष्कळदा शिल्लकच नसते. त्या जाळीच्या आकारावरूनच ते होते असे मानावे लागते.

रासायनिक पुरावा त्याच्या जोडीला येतो. रसाशी प्रक्रिया झालेल्या स्पिनेलमध्ये टायटॅनियमचे प्रमाण वाढते आणि प्लॅजिओक्लेजसोबत वाढलेल्या क्लायनोपायरोक्सीनमध्ये सोडियम व स्ट्रॉन्शियम कमी भरते, कारण ते प्लॅजिओक्लेजने आपल्याकडे ओढलेले असतात. स्पिनेल चिवट असते आणि सर्पेंटिनीभवनातूनही वाचते, म्हणून अभ्यासकांची मदार त्याच्यावर अधिक असते.

यासाठी आल्प्समध्ये का जावे लागते?

समुद्रतळावरचा वेध हे काही सेंटिमीटर व्यासाचे भोक असते, तर आल्प्समध्ये तसाच खंडकडेचा प्रदेश डोंगरांवर अंथरलेला आहे. ज्युरासिक काळात युरोप आणि एड्रिया (आजच्या इटलीकडचा लहान भूपट्ट) यांच्यामध्ये एक अरुंद महासागर उघडला होता. पुढे तो मिटला आणि त्याच्या कडा एकमेकींवर चढल्या. स्वित्झर्लंडच्या ग्राउब्युंडेन परगण्यातील प्लाटा या शिलापट्टात सर्पेंटाइन झालेले प्रावरण, त्यात घुसलेले सुमारे १६.१ कोटी वर्षांपूर्वीचे गॅब्रो, त्यावर उशीच्या आकाराचे बेसाल्ट आणि सगळ्यांवर रेडिओलॅरियन चर्ट (सूक्ष्म सागरी जीवांच्या सांगाड्यांचा कठीण गाळखडक) असा क्रम पायी चालत पाहता येतो. खंडाच्या बाजूने महासागराच्या बाजूकडे जाताना बेसाल्ट वाढत जातो आणि प्रावरणाचा खडकही बदलतो. खंडाजवळ त्याच्यावर जुन्या इतिहासाच्या खुणा असतात. महासागराकडे झिरपलेल्या रसाच्या खुणा वाढतात.

इटलीतील मालेन्को इथे याहून जुना टप्पा दिसतो. तिथे सुमारे २८ ते २७ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे खंड दुभंगण्याच्या कितीतरी आधी, कवच आणि प्रावरण यांच्या सीमेवर गॅब्रो घुसला आणि त्याने दोघांना सांधून टाकले.

निःसत्त्व पेरिडोटाइट सापडला, म्हणजे तिथे भरपूर वितळण झाले असे समजायचे का?

असे समजणे घातक आहे. न्यूफाउंडलंडच्या बाजूला २००३ मध्ये मिळालेला हार्झबर्गाइट (क्लायनोपायरोक्सीन जवळपास संपलेला पेरिडोटाइट) इतका निःसत्त्व आहे की तेवढे वितळण याच दुभंगात झाले असते, तर तिथे जाड सागरी कवच असायला हवे होते. ते नाही. तेव्हा हे सत्त्व फार पूर्वी, खंड एकत्र येण्याच्या आधीच्या एखाद्या घटनेत, निघून गेले असणार. प्रावरण आपला जुना इतिहास बरोबर घेऊन वावरते. आधीच पिळून काढलेल्या खडकातून दुसऱ्यांदा फारसा रस निघत नाही, म्हणून एकाच वेगाने ताणलेल्या दोन खंडकडांवर शिलारसाचे प्रमाण निराळे असू शकते. माझ्या मते तापमान आणि ताणाचा वेग यांच्या तुलनेत या वारशाकडे अनेक वर्षे फारच कमी लक्ष दिले गेले.

हे आज कुठे घडताना दिसते का?

तांबड्या समुद्रात. इथिओपिया आणि येमेनमध्ये सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी बेसाल्टचे पूर आले, आणि त्यानंतर अरबस्तान आफ्रिकेपासून दूर सरकत गेला. इजिप्तच्या किनाऱ्यासमोरील झबरगद या बेटावर ताजा पेरिडोटाइट पाण्याच्या वर उघडा आहे. पेरिडॉट या रत्नाची प्राचीन खाण याच बेटावर होती. ते रत्न म्हणजे पारदर्शक ऑलिव्हीनच.

दख्खनचे बेसाल्ट आणि भारताचा पश्चिम किनारा यांचा यात काय संबंध आहे?

भारताची पश्चिम कडा एका झटक्यात तयार झाली नाही. सुमारे ९ ते ८.५ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर सुटला. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे खांबांसारखे खडक त्याच काळातले आहेत. नंतर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा मुख्य उद्रेक झाला आणि त्यानंतर काही दशलक्ष वर्षांत सेशेल्स भारतापासून वेगळे झाले.

सह्याद्रीतील लाव्हाथरांच्या रसायनात या काळातील बदल नोंदले गेले आहेत. खंडाळा घाटाच्या परिसरातील बुशे या शैलसमूहात कवचाच्या भेसळीची खूण सर्वाधिक तीव्र आहे: त्यातील स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांचे गुणोत्तर ०.७१ च्या वर जाते. त्याहून वरच्या पातळीवरचा, महाबळेश्वर-पोलादपूर वाटेवरच्या आंबेनळी घाटाचे नाव लाभलेला शैलसमूह मात्र जवळपास निर्भेळ असून त्याचे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास आहे. आधीच्या रसाला कवचातून वाट काढताना त्याचा बराच भाग विरघळवावा लागला, नंतरच्या रसाला तयार वाटा मिळाल्या, असा एक अर्थ यातून निघतो. उष्ण प्रावरणस्तंभाचा, म्हणजे आजच्या रेयुनियन बेटाखालील स्रोताचा वाटा किती आणि ताणाचा किती, यावर भूवैज्ञानिकांत अजून एकमत नाही.

दुभंगाची थेट खूण पाहायची तर पनवेलच्या पश्चिमेला पाहावी. माथेरानला आडवे दिसणारे थर पनवेल-कल्याणच्या पट्ट्यात वाकतात आणि मुंबईकडे १० ते २० अंशांनी, कुठे त्याहूनही अधिक, समुद्राकडे कलतात. याला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. भाईंदरजवळच्या डोंगरी भागातील रायोलाइट आणि मनोरी-गोराईचे ट्रॅकाइट सुमारे ६.२५ कोटी वर्षांपूर्वीचे असून तेही कललेले आहेत, म्हणजे हे वाकणे दख्खनच्या मुख्य उद्रेकानंतरचे, सेशेल्सच्या ताटातुटीच्या सुमाराचे ठरते. मुंबईत बेसाल्टखेरीज असे विविध ज्वालामुखी खडक का, याचे उत्तर याच उशिराच्या टप्प्यात आहे.

एवढा लाव्हा ओतला गेल्यावर सेशेल्स सुटताना तर शिलारसाचा कहर झाला असेल?

उलट. लक्ष्मी रिज (अरबी समुद्राखालची एक डोंगररांग) आणि सेशेल्स यांच्यामध्ये तयार झालेल्या पहिल्या सागरी कवचाची भूकंपीय मोजणी केली, तेव्हा ते अवघे ५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सर्वसाधारण सागरी कवचापेक्षाही पातळ भरले. दख्खनच्या दाराशी असे व्हावे, हे अनेकांना पटेना. लक्ष्मी रिजच्या उत्तरेकडील गोप खोऱ्यात आधीच ताण आणि वितळण होऊन गेल्यामुळे खालच्या प्रावरणाचे सत्त्व आणि उष्णता बऱ्याच अंशी खर्ची पडली असावी, हे त्याचे सर्वांत समाधानकारक स्पष्टीकरण आहे.

लक्ष्मी रिज आणि भारत यांच्यामधल्या लक्ष्मी खोऱ्याचा तळ खंडीय की सागरी, हा वादही जुनाच. २०१५ मध्ये इंटरनॅशनल ओशन डिस्कव्हरी प्रोग्रॅमच्या ३५५व्या मोहिमेने तिथे हजार मीटरपेक्षा अधिक गाळ भेदून बेसाल्ट बाहेर काढला. २०२४ मध्ये संपलेल्या या कार्यक्रमाचे भारताच्या बाजूचे काम गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडे होते. तो बेसाल्ट सापडल्याने वाद मिटेल असे वाटले होते. उलट त्याच्या रसायनाचा अर्थ लावण्यावरून नवा वाद सुरू झाला.

कोकणात किंवा गुजरातमध्ये प्रावरणाचा खडक हातात घेता येतो का?

कच्छमध्ये येतो. तिथल्या अल्कली बेसाल्टच्या लहान टेकड्यांत मुठीएवढे आणि त्याहून लहान, हिरव्या कणीदार लर्झोलाइटचे (दोन्ही पायरोक्सीन असलेल्या पेरिडोटाइटचे) गोळे अडकलेले आहेत. ते प्रावरणातून रसासोबत वर आले. मुरुड-जंजिऱ्याच्या लॅम्प्रोफायर डाइकमध्येही (भेगेत गोठलेल्या रसाच्या उभ्या भिंतीतही) कवचाच्या तळाजवळचे तुकडे मिळतात. सिंधुदुर्गात कणकवली परिसरातले क्रोमाइटयुक्त खडक मात्र अतिप्राचीन असून त्यांचा या दुभंगाशी संबंध नाही.

नव्या वेधांमुळे हे चित्र बदलले का?

बदलले. दक्षिण चीन समुद्राची उत्तर कडा आयबेरियासारखीच असणार, असे गृहीत धरून २०१७ मध्ये ३६७ आणि ३६८व्या मोहिमा निघाल्या. प्रावरण सापडेल या अपेक्षेने घेतलेल्या वेधांत निघाला बेसाल्ट, तोही मध्यसागरी रांगांवरच्या धर्तीचा. तिथे कवच पातळ झाल्यावर फारसा वेळ न जाता शिलारस वर आला होता. आयबेरियावरून सगळ्या जगाचे नियम बांधण्याची सवय त्यामुळे थोडी मोडली. याउलट २०२४ मध्ये ४०२व्या मोहिमेने इटलीच्या पश्चिमेकडील टिरेनियन समुद्राच्या वाव्हिलोव खोऱ्यात वेध घेतले, तेव्हा प्रावरणाचे पेरिडोटाइट खरोखरच हाती लागले. त्याच वर्षी ‘जॉयडेस रेझोल्यूशन’चे वेध घेण्याचे काम थांबवण्यात आले, त्यामुळे पुढचे नमुने जपानच्या ‘चिक्यू’सारख्या दुसऱ्या जहाजांवरूनच मिळवावे लागतील.